शाळेच्या ढालीवरचे दोन लांडगे आणि हंडा: याचा अर्थ काय?

सायली_प
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा पाचवीत फादर लोकांच्या शाळेत गेलाय, येशूसंघीयांची (जेसुइटांची) शाळा, लोयोला नावाची (अशा बऱ्याच आहेत, म्हणून शहर लिहीत नाही). ब्लेझरच्या खिशावर ढाल आहे, तिचे उभे दोन भाग. एकात सोनेरीवर लाल तिरके पट्टे, दुसऱ्यात साखळीला टांगलेलं एक भांडं आणि दोन्ही बाजूंनी दोन प्राणी मागच्या पायांवर उभे राहून त्यात तोंड घालतायत. ३१ जुलैला येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाटियस लोयोला याचा सण असतो, त्यासाठी मुलांना 'आपल्या शाळेच्या चिन्हाचा अर्थ' यावर पोस्टर करायचंय.

शाळेच्या डायरीत एकच ओळ सापडली, लांडगे आणि हंडा म्हणजे औदार्य. पट्ट्यांबद्दल तर अवाक्षर नाही. आता लांडगा हा आपल्याकडे तरी औदार्यासाठी प्रसिद्ध नाही, त्यामुळे मुलाने विचारलं की औदार्य नक्की कुणाचं, लांडग्याचं की हंड्याच्या मालकाचं? मला प्रश्न रास्त वाटला. रोज छातीवर लावून जातो ते चिन्ह कुठून आलं हे पोराला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. इथे कॉन्व्हेंटवाले, मिशनरी शाळांवाले बरेच आहेत, सांगा काय माहिती आहे ते.

बाकावरचा
आम्हीही लोयोलावालेच! आम्हाला पीटीच्या सरांनी सांगितलं होतं की लांडगे म्हणजे विद्यार्थी आणि हंडा म्हणजे ज्ञान, भुकेल्यासारखं शिका. डब्याच्या सुट्टीत आमच्याकडे बघून त्यांना ते सुचलं असणार.

रानपाखरू
ते लांडगे आहेत होय! आमच्या शाळेच्या स्वेटरवर मला कायम दोन कुत्री वाटायची. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत सगळंच गोल गोल होतं, हंडा तर कुंडीसारखा दिसायचा.

कुपारी_पोर
सायलीताई, मी वसईचा, घरात दोन काका फादर, त्यामुळे हे लहानपणापासून ऐकतोय. नीट सांगतो.

ही ढाल मुळात शाळेची नाहीच. इग्नाटियसच्या घराण्याची आहे. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलूख, त्यात गिपुस्कोआ प्रांत, तिथे अस्पेइतिया गावाजवळ लोयोलांचा वाडा. इग्नाटियस तिथे १४९१ साली जन्मला. वाडा अजून उभा आहे आणि दरवाजावर दगडात कोरलेले हेच दोन लांडगे आणि हंडा आहेत. ढालीचे दोन भाग का, तर घराणी दोन. लोयोलांचे लांडगे आणि ओन्याझ घराण्याचे लाल पट्टे. तेराव्या शतकात लग्नसंबंधातून दोन्ही घरं एक झाली, मग दोन्हींची चिन्हं शेजारी शेजारी लागली.

औदार्याची गोष्ट आम्हाला अशी सांगायचे की लोयोलांच्या घरी सैनिक, कुळं, वाटसरू सगळे जेवून उठले तरी हंड्यात इतकं उरायचं की रानातले लांडगेसुद्धा येऊन पोटभर खाऊन जायचे. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, औदार्य हंड्याच्या मालकाचं.

वाचनवेडी
किती छान गोष्ट आहे ही! पोस्टरला एवढी पुरे की. एक हंडा, दोन लांडगे आणि खाली दोन ओळी.

तर्कटराव
गोष्ट गोड आहे पण मला ती मागून चिकटवलेली वाटते. कारण सांगतो.

स्पेनच्या ढालींवर हंडा एकट्या लोयोलांचा नाही, मोठमोठ्या उमरावांच्या ढालींवर आहे. कास्तिल राज्यात वरच्या दर्जाच्या सरदारांना 'निशाण आणि हंडावाले' म्हणायचे. निशाण म्हणजे स्वतःच्या झेंड्याखाली फौज उभी करायचा हक्क, आणि हंडा म्हणजे त्या फौजेला स्वतःच्या खर्चाने खाऊ घालायची ऐपत. म्हणजे हंडा हा दानधर्माचा नव्हे, लष्करी ऐपतीचा. आपल्याकडे एखाद्या सरदाराला जरीपटका आणि नौबत मिळायची, त्यात मान होता आणि जबाबदारीही होती, तसाच हा हंडा.

आणि लांडगे तर बास्क मुलखात ढालीढालीवर आहेत. बिस्केच्या हारो घराण्याचे दोन लांडगे प्रसिद्ध आहेत, त्यांच्या तोंडात तर कोकरू धरलेलं आहे. त्यात काय औदार्य शोधणार? डोंगराळ मुलूख, रानात लांडगे, लढाऊ घराणी, दरारा दाखवायला लांडगा. शिवाय स्पॅनिशमध्ये लांडगा आणि हंडा हे शब्द एकापुढे एक म्हटले की जवळजवळ 'लोयोला' ऐकू येतं, अशी नावावरून बेतलेली चित्रं तिकडच्या ढालींवर ढिगाने आहेत. तेव्हा मुलाला खरं ते सांगा, उगाच संस्कारकथा नको.

कुपारी_पोर
तर्कटराव, हंड्याचा मुद्दा मान्यच. पण तुमच्याच म्हणण्यात माझी गोष्ट आहे की हो! फौजेला खाऊ घालणं ही सरदाराची जबाबदारी, ती पार पाडून वर उरतं इतका मोठा हंडा, असं घराणं स्वतःबद्दल सांगतंय. गोष्ट पुढे रचली असेल, पण हंड्याचा रोख जेवू घालण्याकडेच आहे. जेवू न घालणाऱ्याच्या दारात हंडा कशाला कोरतील?

बाकावरचा
म्हणजे आमचे पीटीचे सर फार चुकले नव्हते, भुकेचा मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता :-)

गडकोट
लाल पट्ट्यांकडे कुणी वळलंच नाही, माझ्या मते सगळ्यात भारी भाग तोच आहे.

पट्टे सात आहेत, मोजून बघा. १३२१ साली बेओतिबार नावाच्या खिंडीत लढाई झाली, गिपुस्कोआचे लोक एका बाजूला आणि नवार राज्याची फौज दुसऱ्या बाजूला. गिपुस्कोआवाल्यांनी डोंगरातून वाट अडवून मोठ्या फौजेचा पाडाव केला. परंपरा अशी की या घराण्यातले सात भाऊ त्या लढाईत लढले आणि कास्तिलचा राजा अकरावा अल्फोन्सो याने त्यांच्या मानासाठी सोनेरी ढालीवर सात लाल पट्टे दिले. ज्यांना पावनखिंड आणि उंबरखिंड पाठ आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सायलीताई, पाचवीतल्या पोराला हे सांगा, लांडग्यांपेक्षा जास्त आवडेल.

निमा
आवडेल हो, पण शाळेच्या छातीवर लढाई कशाला? आणि तीही स्पेनमधली कुठल्या तरी दोन जहागिरींची. मी नगर जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले, तीही फादरांचीच. आमच्या बिल्ल्यावर दिवा आणि उघडं पुस्तक होतं, बास. सगळ्यांना अर्थ कळायचा. आमच्या आईला अक्षर वाचता येत नव्हतं पण बिल्ला बघून ती म्हणायची दिवा लावायला चाललीस. बास्क सरदारांचे पट्टे बघून तिला काय कळलं असतं?

गडकोट
निमाताई, दिवा आणि पुस्तक हजार शाळांचं असतं. यांची ढाल बघितली की लगेच कळतं कोणाची शाळा ते. शिवाय चिन्ह बघताक्षणी कळलंच पाहिजे असं कुठेय? आत्ता आपण सगळे इथे जमलोय ते ते कळलं नाही म्हणूनच.

साष्टीकर
गोव्याहून नमस्कार. गडकोट यांनी नवारचं नाव घेतलं म्हणून राहवलं नाही, कारण इथून खरी गंमत सुरू होते.

लोयोलांच्या ढालीवरचे सात पट्टे कोणाच्या पराभवाचे? नवारच्या. आणि आमचा गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर कुठला? नवारचा! झेवियरचा वाडा नवार राज्यात, जन्म १५०६. त्याचे वडील नवारच्या राजाचे मोठे अधिकारी. १५१२ साली कास्तिलच्या बाजूने नवार जिंकून घेतलं, १५१६ मध्ये झेवियरांच्या वाड्याची तटबंदी आणि बुरूज पाडून टाकायचा हुकूम झाला. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. पुढे १५२१ मध्ये नवार परत मिळवायला फ्रेंचांच्या मदतीने फौज आली, पाम्प्लोना शहराला वेढा पडला. झेवियरचे थोरले भाऊ त्या लढ्यात नवारच्या बाजूने. आणि किल्ल्यात कास्तिलच्या बाजूने झुंजत होता तो इन्यिगो दे लोयोला, म्हणजेच इग्नाटियस. २० मे १५२१ ला तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला तो याच लढाईत.

आता झेवियर घराण्याची ढाल बघा. लाल जमिनीवर चंद्रकोर आणि त्या कोरीत बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. झेवियर नावाच्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या चिन्हात ही चौकटीची कोर कुठे ना कुठे असते. म्हणजे आपल्याकडे लोयोला शाळेचा पोरगा आणि झेवियर शाळेचा पोरगा फुटबॉल खेळतात तेव्हा एकाच्या छातीवर नवारला हरवल्याचे पट्टे आणि दुसऱ्याच्या छातीवर नवारचाच चंद्र असतो. आणि ज्यांच्या या ढाली ते दोघे १५२९ पासून पॅरिसला सेंत बार्ब कॉलेजात एका खोलीत राहिले, १५३४ च्या १५ ऑगस्टला मोंमार्त्रच्या टेकडीवर बरोबर शपथ घेतली, आणि १२ मार्च १६२२ ला एकाच दिवशी संत म्हणून जाहीर झाले.

मला विचाराल तर पोस्टरमध्ये दोन्ही ढाली शेजारी शेजारी काढा.

वाचनवेडी
अंगावर काटा आला वाचताना. इतकी वर्षं मुंबईत झेवियर्सवरून जाते येते, त्या चंद्राकडे कधी लक्षच गेलं नाही.

सायली_प
साष्टीकर, हे अफाट आहे! मुलाला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न, मग खोलीत भांडण झालं नाही का त्यांचं?

साष्टीकर
पहिल्यांदा पटलं नव्हतंच. झेवियर तेव्हा हुशार, खेळांत पुढे, मोठं पद मिळवायचं स्वप्न बघणारा. हा चाळिशीकडे झुकलेला लंगडणारा माणूस पोरांच्या बरोबरीने वर्गात बसतो आणि सगळं सोडून द्यायची भाषा करतो, ते त्याला रुचायचं नाही. तिसरा सोबती पीटर फाबर आधी वळला, झेवियरला बराच वेळ लागला. पण वळला तो असा की १५४२ च्या ६ मे ला गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि घरी परत कधी गेलाच नाही.

पेठकर
चंद्रकोर म्हटल्यावर मूर लोकांवर, म्हणजे तिकडच्या मुसलमानांवर मिळवलेल्या विजयाची खूण असणार. स्पेनमध्ये तेव्हा तेच चाललं होतं.

तर्कटराव
पेठकर, असं सरसकट नाही म्हणता येत. युरोपातल्या ढालींवर चंद्रकोर अगदी जुनी आणि सर्रास आहे, सिंह, गरुड, तारा तशीच कोर. शेजारच्या अरागॉनमध्ये लूना घराणं होतं, त्यांच्या ढालीवर उलटी कोर, ती निव्वळ आडनावावरून. प्रत्येक चंद्रामागे मुसलमान शोधायची सवय आपली आजची आहे, ढाली त्याच्या कितीतरी आधीच्या.

पेठकर
ठीक, लूनांचं माहीत नव्हतं. वाचतो.

डायवाला
वडील बिल्ले आणि पदकं बनवणाऱ्या कारखान्यात डाय कोरायचे. शाळांचे बिल्ले, पट्ट्यांची बकलं, सगळं. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडेल.

तुमच्याकडे शाळेचं जुनं पितळी बकल किंवा रंग न भरलेला बिल्ला असेल तर उजेडात तिरका धरून भिंगातून बघा. नीट कोरलेला असेल तर ढालीच्या काही भागात बारीक ठिपके दिसतील, काही भागात एकाशेजारी एक बारीक उभ्या रेघा, काही भाग साफ कोरा. लोकांना वाटतं नक्षी आहे. ते रंग आहेत. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे रुपेरी, उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्या जाळीचा भाग काळा, तिरक्या रेघा हिरव्या. छापखान्यात आणि धातूवर रंग देता येत नसत म्हणून ही पद्धत. वडिलांकडे नमुन्याची जुनी वही होती, त्यात एका लोयोला शाळेच्या ढालीचं रेखाटन होतं. ओन्याझच्या बाजूला ठिपक्यांची जमीन आणि तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येक तिरक्या पट्ट्यात केसाएवढ्या उभ्या रेघा. लांडग्यांच्या अंगावर जाळी, मागची जमीन कोरी, म्हणजे रुपेरीवर काळे लांडगे. हंड्याच्या साखळीच्या कड्यासुद्धा मोजता येत होत्या. हल्ली लेझरने मारतात, रेघा-ठिपके सगळे उडवून टाकतात, आणि मग एकाच शाळेच्या तीन बिल्ल्यांवर तीन वेगळे रंग दिसतात. मला याचा खरंच त्रास होतो.

आणि आता ऐका, ही रेघा-ठिपक्यांची पद्धत ज्याच्या नावाने जगभर ओळखली जाते तो पेत्रा सांक्ता, १६३८ साली रोममध्ये त्याने ती छापून पसरवली, तो स्वतः येशूसंघीय फादर होता!

कुपारी_पोर
हे माझ्या दोन्ही काकांनाही माहीत नव्हतं. आत्ताच फोन करून सांगितलं. धन्यवाद डायवाला!

रानपाखरू
माझ्याकडे दादाचं जुनं बकल आहे, काढून बघितलं. उभ्या रेघा आहेत!! इतकी वर्षं मला ती घासल्याची खूण वाटत होती.

माटुंग्याचा_बॉस्को
आम्ही डॉन बॉस्कोवाले काय पाप केलंय, आमचंही ऐका. सालेशियन संस्थेची, म्हणजे डॉन बॉस्कोंनी काढलेल्या संस्थेची ढाल कोणा सरदाराची नाही, मुद्दाम बसून तयार केलेली आहे. मधोमध जहाजाचा नांगर, एका बाजूला संत फ्रान्सिस डी सेल्सचा अर्धपुतळा, दुसऱ्या बाजूला ज्वाळा निघणारं हृदय, वर तारा, खाली झाडी आणि मागे उंच डोंगर, भोवती पाम आणि लॉरेलच्या फांद्या. तारा, नांगर, हृदय म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम. झाडी डॉन बॉस्कोच्या आडनावावरून. डोंगर म्हणजे चढायची उंची. फांद्या म्हणजे कष्टाच्या आयुष्याचं बक्षीस. चित्र प्रोफेसर बोइदी यांनी काढलं आणि डॉन बॉस्कोच्या ८ डिसेंबर १८८५ च्या पत्रावर ते पहिल्यांदा छापून आलं. खाली काय ब्रीद घालायचं यावर त्यांच्या मंडळात बरीच चर्चा झाली, वेगवेगळ्या सूचना आल्या, शेवटी डॉन बॉस्को म्हणाले की ब्रीद आपल्या संस्थेचं पहिल्यापासून ठरलेलंच आहे, आत्मे मला दे आणि बाकी सगळं घेऊन जा.

आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा अर्थ आधी ठरला आणि मग चित्र आलं. तुमच्याकडे चित्र आधी, अर्थ मागून. म्हणून तुमचे वाद.

निमा
हेच मला म्हणायचं होतं. शाळेला असं चिन्ह हवं. नांगर, तारा, हृदय, डोंगर, कोणालाही सांगता येतं.

तर्कटराव
माटुंगेकर, फार मोलाचा फरक सांगितलात. पण मला उलट लोयोलांची ढाल जास्त भावते, तिला इतिहास आहे, नुसता अर्थ नाही.

शिल्पी
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. एक मुद्दा राहिलाय आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा आहे. इग्नाटियसला स्वतःला ही ढाल शाळांवर लावलेली आवडली असती का?

हे घराणं तिथल्या भाऊबंदकीच्या लढायांत आघाडीवर होतं. ओन्याझ हे तर तिथल्या एका अख्ख्या टोळीचंच नाव, समोर गांबोआ टोळी. पिढ्यानपिढ्या एकमेकांची घरं जाळत होते. शेवटी राजा चौथा एन्रिके याने पंधराव्या शतकाच्या मध्यात हद्दपारी दिली आणि लढाऊ वाडे पाडायला लावले. लोयोलांच्या वाड्याचा वरचा भाग त्यात गेला. इग्नाटियसचे आजोबा हद्दपारीतून परत आल्यावर त्यांनी वरचा भाग विटांनी बांधला. आजही खाली जाडजूड दगड आणि वर नक्षीदार विटा असं दिसतं. लांडगे कोरलेत तो दरवाजा त्या दगडी भागात.

त्या वाड्यात पाय मोडून पडलेला इन्यिगो उठला, मोन्सेरातला गेला, १५२२ च्या मार्चमध्ये अंगावरचे भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि रात्रभर जागून तलवार आणि कट्यार मेरीच्या मूर्तीपाशी ठेवून दिली. ज्याने घराण्याचा मान असा उतरवून ठेवला त्याच्याच घराण्याचा मान आपण पोरांच्या खिशावर शिवतोय. संघाचा प्रमुख झाल्यावर त्याने शिक्क्यासाठी काय निवडलं? लांडगे नाहीत, पट्टे नाहीत. येशूच्या नावाची ग्रीक अक्षरं, आयएचएस. येशूसंघाची खरी खूण तीच, सूर्यकिरणांच्या मध्ये ती तीन अक्षरं, वर क्रूस, खाली तीन खिळे. पोप फ्रान्सिस हे येशूसंघातून झालेले पहिले पोप, २०१३ साली त्यांच्याही ढालीवर हाच सूर्य होता, लांडगे नव्हते.

साष्टीकर
शिल्पीताई, जुन्या गोव्याला बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीवर अगदी वरच्या टोकाला हीच तीन अक्षरं कोरलेली आहेत. सायबाचं शव ज्या चर्चमध्ये आहे त्याच्या माथ्यावर ना त्याच्या घराण्याचा चंद्र, ना गुरूच्या घराण्याचे लांडगे. तुमच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

कुपारी_पोर
शिल्पी, मुद्दा काळजाला भिडला पण मी पूर्ण सहमत नाही. माझ्या थोरल्या फादरकाकांचं म्हणणं असं की घराण्याची ढाल ठेवण्यातच शहाणपण आहे, कारण माणूस कुठून उठला ते दिसतं. संत आकाशातून पडला नाही, भांडखोर सरदारांच्या घरात जन्मला, पोशाखाची आणि मानाची हौस असलेला पोरगा होता. ती ढाल पुसली तर मोन्सेरातला त्याने काय ठेवून दिलं ते पोरांना कळणारच नाही. म्हणून बऱ्याच शाळांत खाली ढाल आणि वर किंवा मध्ये आयएचएसचा सूर्य असतो. दोन्ही एकत्र वाचायचं.

शिल्पी
काकांचं पटतंय. वर सूर्य असेल तर माझी तक्रार बरीच कमी होते. पण मग हे वर्गात सांगायला हवं ना? डायरीत 'औदार्य' एवढाच शब्द टाकून कसं चालेल. मी चित्रकला शिकवते, मुलांकडून दर वर्षी शाळेचं चिन्ह काढून घेतलं जातं आणि रेषा वाकडी गेली म्हणून मार्क कापतात, पण पट्टे सात का हे एकाही मुलाला सांगितलेलं नसतं. दुसऱ्या एका शाळेत तर कुणीतरी नव्याने चिन्ह काढताना हंड्याची समई केली होती आणि लांडग्यांचे मोर! छान दिसत होतं, पण काढणाऱ्याला जुनं काय होतं तेच माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं. समजून उमजून समई केली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

निमा
समजून केलेली समई मला चालेल, आनंदाने चालेल. इथल्या शाळांनी इथली चिन्हं घ्यावीत हेच माझं म्हणणं आहे, लांडग्यांशी माझं वैर नाही.

गडकोट
अवांतर: आपल्या संस्थानांच्या ढाली आठवल्या. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांसाठी युरोपी धाटणीच्या चिन्हांची निशाणं बेतून दिली होती. पिढ्यानपिढ्या भगवा, जरीपटका, मोर्चेल वापरणाऱ्या घराण्यांना ढाल, वर शिरस्त्राण, बाजूला दोन प्राणी असं सगळं मिळालं. निमाताईंचा मुद्दा तिथे जास्त लागू पडतो. लोयोलांची ढाल निदान त्यांची स्वतःची तरी आहे.

बाकावरचा
अवांतरावर वेगळा धागा काढा गडकोट, हे वाचायला आवडेल.

सायली_प
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पोस्टरचं असं ठरवतोय: मधे शाळेची ढाल मोठी. पट्ट्यांच्या बाजूला बेओतिबार आणि सात भाऊ, 'परंपरेनुसार' असं लिहून. हंड्याच्या बाजूला आधी फौजेला जेवू घालायची जबाबदारी आणि मग लांडगे जेवून जायची गोष्ट, दोन्ही. वर आयएचएस आणि मोन्सेरातची तलवार. उजव्या कोपऱ्यात झेवियरांचा चंद्र, ते मुलाने स्वतः ठरवलंय, म्हणतो रूममेट हवाच.

आता दोन अडचणी. एक, नेटवर काही चित्रांत लांडगे डावीकडे आहेत, काहींत उजवीकडे, बरोबर काय? दोन, पट्टे कुठून कुठे तिरके?

डायवाला
ताई, ढालीची डावी-उजवी बघणाऱ्याची धरत नाहीत, ढाल हातात धरून मागे उभ्या असलेल्या माणसाची धरतात. त्याची उजवी म्हणजे आपली डावी, आणि ती बाजू मानाची. वर्णन वाचून चित्र काढणारे इथेच फसतात. शाळाशाळांत दोन्ही प्रकार दिसतात, तेव्हा तुम्ही मुलाच्या शाळेच्या ढालीत जसं आहे तसंच ठेवा, नाहीतर मार्क जातील. पट्टे आपल्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे. आधी सगळी बाजू सोनेरी पिवळी रंगवून वाळू द्या, मग लाल सात पट्टे, म्हणजे रंग फुटणार नाही. चंद्राला लाल जमीन, कोरीत काळे आणि पांढरे चौकोन आलटून पालटून. जमलं तर ढालीची एक छोटी आवृत्ती नुसत्या पेन्सिलीने रेघा-ठिपक्यांत काढायला लावा, खाली रंगांची यादी द्या.

शिल्पी
आणि लांडग्यांना शेपट्या झुपकेदार काढा, पंजे हंड्याच्या काठावर. नाहीतर रानपाखरूच्या स्वेटरवरची कुत्री होतील.

सायली_प
पेन्सिलवाली कल्पना मुलाला सगळ्यात आवडली, लगेच बसलाय. ठिपक्यांनी सोनं काढायचं म्हणून पेन्सिलीला टोक करून करून अर्धी संपवली.

साष्टीकर
पोस्टर झालं की फोटो इथे टाका. मडगावच्या लोयोलात भाचा आहे, त्यालाही दाखवतो. आणि कुपारी_पोर, तुमच्या काकांना माझ्यातर्फे एक विचारा, वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चचे अवशेष आहेत, तिथे दर्शनी भिंतीवर काय कोरलेलं शिल्लक आहे ते.

कुपारी_पोर
विचारायला कशाला, रविवारी मिस्सा झाल्यावर स्वतःच जाऊन बघतो आणि इथे लिहितो. किल्ल्यावर येणारं अजून कोणी असेल तर सांगा, सकाळी लवकर निघू.